बावट्याचा आकडा

‘मोबाईलला रेंज नसेल तर हवामान खात्याचा इशारा पोचतच नाही’ असं म्हटलं जातं. डोंगरातल्या वाड्यांसाठी ते अगदी खरं आहे, पण किनाऱ्यावर तसं नाही. बंदरावर बावटा लागतो. हवामान खात्याकडून बंदराला इशारा येतो, दिवसा खांबावर ठरलेल्या आकाराची खूण चढते आणि रात्री तिच्या जागी दिवे. शिवाय आकाशवाणीवर मच्छीमारांसाठीचं बातमीपत्र आहेच.

घोळ होतो तो आकड्यांचा. बातमीत नुसतं ‘तीन नंबरचा बावटा’ छापून येतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, तीन म्हणजे दोनपेक्षा जास्त धोका. तसं सरळ नाही. एक आणि दोन हे लांब समुद्रातल्या हवामानाचे इशारे. दोन म्हणजे दूरवर चक्रीवादळ तयार झालंय, बाहेर पडणारी जहाजं त्यात सापडू शकतात. तीन म्हणजे प्रत्यक्ष बंदरावर सोसाट्याचा वारा सुटण्याची शक्यता. म्हणजे होडी बाहेर काढायची तर दोन नंबर जास्त भारी! आमच्याकडे जेटीवर म्हातारे ‘कितवा लागलाय?’ एवढंच विचारतात आणि जाळी आवरायला घेतात. पर्यटक मात्र फेरीबोटवाल्याशी हुज्जत घालत बसतात.

आणि सगळ्यात वरचा, अकरावा बावटा वादळ किती मोठं ते सांगणारा नाहीच. इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्क तुटलाय आणि बंदरावरच्या अधिकाऱ्याला खराब हवामानाचा धोका वाटतोय, असा त्याचा अर्थ. ‘निरोपच येत नाहीये’ हे सांगायची सोय मोबाईलवरच्या इशाऱ्यांत मला तरी कुठे दिसली नाही.