सतरंज्या काकानं उचलल्या, एबी फॉर्म दुसऱ्याले

कास्तकार_पोट्टा:
राम राम मंडळी. आमच्या सर्कलात झेडपीचे फॉर्म भरून झाले. काकानं लई वर्षं पक्षाचं काम केलं, सभेले गाड्या भरून नेणं, बूथवर पोरं बसवणं, साहेब आले का चहापाणी घरून. ग्रामपंचायतीत तं पक्षाचं चिन्ह नसतेच, तरी काकाचं पॅनल आलं का दुसऱ्या दिवशी तालुकाध्यक्ष हार घेऊन हजर अन् पेपरात फोटो, आमच्या पक्षाचा सरपंच म्हणून. यावेळी काकानं थकबाकी नसल्याचा दाखला, शौचालयाचा दाखला, सारी फाईल तयार ठेवली होती. शेवटच्या दिवशी तहसीलात अडीच वाजता एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या तिकिटाचा कागद, आला तो ज्यानं आत्ता आत्ता दुसऱ्या पक्षाचा दुपट्टा उतरवला त्याच्या नावाचा. काकानं अपक्ष फॉर्म टाकून दिला. आता रोज फोन येऊन राह्यले, माघार घ्या म्हणून. काय करावं काकानं?

माजी_बूथवाला:
भाऊ, कायद्यानं काकाचा काही हक्क बसत नाही. ए फॉर्मात पक्ष सांगते का तिकीट द्यायचा अधिकार कोणाले, बी फॉर्मात उमेदवाराचं नाव. दोन्ही कागद तीन वाजेच्या आत पोचले का चिन्ह त्याचं. किती वर्षं काम केलं असा रकानाच नाही त्यात 😀 पर्यायी उमेदवाराचं, म्हणजे पहिल्याचा अर्ज बाद झाला तं पक्षाचा जो दुसरा त्याचं, मात्र पाहात जा. 2024 ले रामटेक लोकसभेत रश्मी बर्वेंचं जातीचं प्रमाणपत्र रद्द झालं, अर्ज बाद झाला, पर्यायी म्हणून त्यायचे नवरे श्यामकुमार बर्वे होते, मंग तेच काँग्रेसचे उमेदवार अन् निवडूनही आले. म्हणजे तिथंही घरचाच माणूस, कार्यकर्त्याचा नंबर नाहीच.

वरोरा_साइड:
राग नका धरू पण पक्षाले निवडून येणारा माणूस पाहिजे, त्यात वावगं काय? 2019 ले चंद्रपूरले काँग्रेसनं आधी विनायक बांगडेंचं नाव जाहीर केलं अन् मंग बदलवून शिवसेनेतून आलेल्या बाळू धानोरकरांले तिकीट दिलं. त्या साली अख्ख्या महाराष्ट्रात काँग्रेसचा तो एकच खासदार आला.

डिझेल_कोण_टाकते:
मंग चंद्रपूरचंच अजून एक ऐका, त्याच साली विधानसभेले किशोर जोरगेवार अपक्ष निवडून आले अन् 2024 ले भाजपच्या तिकिटावर. आधी निवडून या, तिकीट चालत घरी येते. अन् खरं सांगू का, खाली पक्ष देते काय? चिन्ह अन् साहेबाची एक सभा, तिथल्या खुर्च्या अन् मंडपही उमेदवाराचाच. पोरायचं जेवण, गाडीचं डिझेल, बूथचा खर्च सारा खिशातून. विधानसभेच्या उमेदवाराले 40 लाखाची मर्यादा आहे, पक्षाच्या खर्चाले मर्यादाच नाही, पण तो पैसा आमच्या गावापर्यंत आलेला मी तं नाही पाह्यला बावा. सोयाबीन विकून लढणाऱ्याले तिकीट काहून भेटत नाही ते इथं समजते. अन् ज्यानं स्वतःच्या पैशावर लढली तो उद्या पक्षाचं काहून ऐकीन?

माजी_बूथवाला:
ऐका लागते ना भाऊ. झेडपी, पंचायत समितीच्या मेंबरलेही पक्षांतरबंदीचा कायदा लागते, 1986 चा राज्याचा आहे. अध्यक्षाच्या निवडीत व्हीप, म्हणजे कोणाले मत द्यायचं हा पक्षाचा आदेश, मोडला तं मेंबरकी जाऊ शकते. अपक्षाले व्हीप नाही, म्हणून तं अध्यक्ष निवडीच्या टायमाले त्याले गाडीत घालून सहलीले नेतात, अन् ज्यायनं त्याले पाडायले जीव लावला तेच त्याचं पाणी भरतात. काकाचं आपल्या अन् बाजूच्या दोन-तीन गावात वजन असन तं लढू द्या. एकाच गावापुरतं असन तं मात्र पैसे वाचवा.

कास्तकार_पोट्टा:
वजन चार गावात आहे. काकू म्हणते मागं हटू नका. पण काल रातच्याले साहेबाचा स्वतः फोन आला, बाजार समितीवर डायरेक्टर घेतो म्हणे, काका तवापासून ढिले पडले.

डिझेल_कोण_टाकते:
बाजार समितीची इलेक्शन कधी आहे हे विचारलं का साहेबाले?