रोजचं आत्मपरीक्षण: नेमकं कसं करता? (अनुभव धागा)

धागाकर्ती, शरणपूर रोड

राखेचा बुधवार (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) आला की मंडळीत, पॅरिशमध्ये, घरच्या प्रार्थनेत एक वाक्य सारखं कानावर येतं, "आपण आपली अंतःकरणं तपासू या." पुढे मिनिटभर शांतता आणि लगेच गीत सुरू. तपासायचं म्हणजे काय करायचं, सुरुवात कुठून, किती वेळ, काही सापडलं तर पुढे काय, हे बहुतेकांना कोणी शिकवलेलंच नसतं. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी शरणपूर वसवलं तेव्हापासून नाशकात प्रोटेस्टंट मंडळी आहे, १९८७ पासून स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत आहे. दोन्हीकडे हे मनापासून करणारी माणसं आहेत. त्यांनी इथे लिहावं. साक्ष नको, पद्धत हवी: वेळ, क्रम, प्रश्न, कुठे बिघडतं आणि का.

सांजदिवा

पाच पायऱ्या, पंधरा मिनिटं. ही जेझुइट संघाचा संस्थापक संत इग्नेशियस लोयोलाची पद्धत. त्याच्या 'आध्यात्मिक साधने'ला पोपची मान्यता १५४८ साली मिळाली आणि आजही जेझुइट फादर रिट्रीटमध्ये (एकांतातल्या प्रार्थना-शिबिरात) पहिल्यांदा हेच शिकवतात.

आधी उपकार आठवायचे, तीन मिनिटं. "सगळ्यासाठी आभार" असं नाही, आजचेच आणि नाव घेऊन: शेजारणीने बाळाला तासभर सांभाळलं, सिटी बस मिळाली, आईचा ताप उतरला. मग पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागायचा, एक मिनिट. स्तोत्र १३९ मधली ओळ पुरते: "हे देवा, माझी झडती घेऊन माझे हृदय जाण." मग दिवस तासातासाने पाहायचा, सात मिनिटं. मग क्षमा मागायची, दोन मिनिटं. शेवटी उद्याचा निर्धार.

क्रम बदलू नका. दोषांपासून सुरुवात केली की मन वकिली करू लागतं किंवा खचतं. उपकार आधी आठवले की देवासमोर उभं राहायची भीती कमी होते आणि लपवाछपवीची गरजही.

तिसरी पायरी जागांच्या आधाराने करा. घर, बस, ऑफिस, जेवणाची सुट्टी, कॉलेज रोडवरची खरेदी, परत घर. प्रत्येक ठिकाणी कोण भेटलं, मनात काय आलं, तोंडून काय गेलं, हातून काय झालं. काही आठवताना जबडा आवळला गेला किंवा "त्याचीच चूक होती" असं वाक्य आपोआप तयार झालं, तर तिथेच थांबा. जे शोधायचं आहे ते बहुधा तिथेच असतं.

बिघडतं कुठे? अंथरुणात पडून करायला घेतलं की दुसऱ्या पायरीला झोप लागते. खुर्चीत बसा, जमलं तर रात्रीच्या जेवणाआधी. दुसरं म्हणजे तिसरी पायरी लांबत जाते आणि पाचवीला वेळच उरत नाही. म्हणून अकराव्या मिनिटाचा गजर लावा. निर्धार एकच करा, माणूस आणि वेळ धरून. "उद्या प्रेमाने वागेन" हा निर्धार झाला नाही. "उद्या सकाळी डब्याच्या घाईत मुलीवर ओरडणार नाही, कारण डबा रात्रीच भरून ठेवेन" हा निर्धार.

तिसरी पाळी (सातपूर)

सातपूर-अंबडला पाळीत काम करणाऱ्यांना "रात्री झोपण्याआधी" हा सल्ला उपयोगाचा नाही. आपला दिवस पाळी सुटली की संपतो. तिसरी पाळी असेल तर सकाळी घरी जाताना कंपनीच्या बसमध्येच करून टाकावं. झोपून उठल्यावर आदल्या पाळीतलं निम्मं पुसलं जातं. दर आठवड्याला पाळी बदलते म्हणून घड्याळाची वेळ न धरता कृती धरा. सेफ्टी शूज काढले की परीक्षण सुरू. आणि पाळीचा प्रश्न ठरलेला असावा: पुढच्या पाळीच्या माणसाला मशिनबद्दल सगळं खरं सांगितलं, की बिघाड त्याच्या माथी ढकलून बाहेर पडलो?

रेघोट्या

वर आली ती सर्वसाधारण तपासणी. एका ठराविक दोषासाठी इग्नेशियसचीच दुसरी पद्धत आहे, ती जास्त परिणामकारक वाटते. महिन्यासाठी एकच दोष निवडायचा. सकाळी उठल्याबरोबर त्याची आठवण करायची, दुपारच्या जेवणानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर तपासायचं. वहीत प्रत्येक दिवसाला दोन रेघा, वरची दुपारपर्यंतची, खालची रात्रीपर्यंतची. जितक्या वेळा घसरलात तितके ठिपके. घसरल्या क्षणीच छातीवर हात ठेवायचा. चारचौघांतही ते कोणाच्या लक्षात येत नाही. मग दुपारची रेघ रात्रीच्या रेघेशी ताडून पाहायची, आज कालशी, हा आठवडा मागच्या आठवड्याशी.

दोष मोजता येण्याजोगा निवडा. "राग" मोजता येत नाही, "आवाज चढवणं" मोजता येतं. "गर्व" मोजता येत नाही, "दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडणं" मोजता येतं. पहिल्या आठवड्यात ठिपके वाढलेले दिसतील. घाबरून सोडू नका. दोष वाढलेला नसतो, तो आता दिसू लागलेला असतो.

वेल आणि फाटे (निफाड तालुका)

ठिपक्यांबद्दल थोडा मतभेद. बोलण्याच्या दोषांना ते ठीक, पैशाच्या बाबतीत वही वेगळी लागते.

बागाईतदारांनी आणि धंदेवाल्यांनी आठवड्यातून एकदा, शनिवारी, हिशेबाची वही आणि मोबाइलमधले व्यवहार समोर ठेवून बसावं. रात्रीच्या प्रार्थनेत राग येतो, मत्सर येतो, वासना येते. मजुरी येत नाही. बायबलमधल्या आपल्या पत्रात याकोबाने मात्र (५:४) सरळ लिहिलंय की शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ते ओरडणं परमेश्वराच्या कानी गेलेलं आहे. द्राक्षाच्या पट्ट्यात राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाने हे वचन एप्रिलच्या खरड छाटणीला आणि ऑक्टोबरच्या गोड छाटणीला मोठ्याने वाचावं.

प्रश्न असे. टोळीला काम ठेक्याने दिलं तर झाडं मोजताना कोणाचा आकडा धरला? उचल कापताना हिशेब मजुराला वाचून दाखवला, की मुकादमाला सांगून मोकळे झालो? त्याच विरळणीला बाईची मजुरी गड्यापेक्षा कमी का? व्यापाऱ्याकडे पैसे अडकले म्हणून मजुरांचे अडकवले, तर त्याच आठवड्यात घरात कोणती खरेदी झाली? शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड जातो, म्हणून तो कधीच वगळू नका.

मग फवारणीची नोंदवही. औषधाचं नाव, प्रमाण, तारीख, काढणीआधी किती दिवस थांबायचं, हे सगळं त्यात असतं. त्या त्या दिवशी लिहिलेल्या वहीत अक्षर बदलतं, पेन बदलतो, एखाद्या पानावर ओला डाग असतो. तपासणीच्या आदल्या रात्री एका बैठकीत भरलेली वही एकाच शाईत, एकाच वळणात असते. अशा वहीखाली केलेली सही ही खोटी साक्ष आहे, नववी आज्ञा. ती द्राक्षं कोणाचं तरी लेकरू खाणार आहे.

सापडलं की भरपाई. नियमशास्त्रात (लेवीय ६:५) मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा सांगितलाय. येशूला भेटलेल्या जक्कय जकातदाराने तर चौपट कबूल केलं. पाचशे कमी दिले असतील तर सहाशे द्या. मुकादमामार्फत नको, त्या बाईच्या हातात, आणि कशाचे ते सांगून. टोळी पेठ-सुरगाण्याला परत गेली असेल तर फोन करून पाठवा. माणूस खरोखर शोधूनही सापडला नाही तरच ती रक्कम गरिबाला द्यावी. मंडळीच्या दानपेटीत जास्त टाकल्याने मजुराचं देणं फिटत नाही.

धर्मशिक्षण वर्ग (नाशिकरोड)

वरच्या प्रतिसादातली नववी आज्ञा आमच्या कॅथलिक गणनेत आठवी. दहा आज्ञांच्या आधाराने परीक्षण करणाऱ्यांचा इथे फार गोंधळ होतो, विशेषतः मिश्र लग्नाच्या घरांत. आम्ही मूर्तीची आज्ञा पहिलीतच धरतो आणि लोभाच्या दोन करतो, त्यामुळे मधले आकडे एकाने सरकतात. कोणी "पाचवी मोडली" म्हणालं तर प्रोटेस्टंट घरात आईबापांचा अपमान आणि आमच्याकडे खून! म्हणून आकडा न सांगता कृती सांगावी.

पापस्वीकाराच्या, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करण्याच्या, तयारीबद्दल. बाळ येशूच्या फेब्रुवारीतल्या यात्रेला आणि पुनरुत्थानाच्या सणाआधी रांगा लांब असतात. रांगेत उभं राहून आठवायला लागू नका, आदल्या रात्री वीस मिनिटं काढा. गंभीर पापाचा प्रकार आणि अंदाजे किती वेळा, एवढं सांगायचं असतं. पार्श्वभूमी, सासूचा स्वभाव, साहेबाचा त्रास, यातलं काही लागत नाही. दुसऱ्याचं नाव घेऊ नका. "मी कधीकधी खोटं बोलतो" यातून फादरांना काहीच कळत नाही. "भावापासून जमिनीचा कागद लपवला" यातून कळतं. पाप काय केलं याच्याबरोबर काय करायचं राहिलं तेही पाहा. आजारी काकांना भेटायला न जाणं कुठल्याच यादीत आपोआप येत नाही.

चिठ्ठी लिहिली तर चालते, पण मोबाइलमध्ये लिहू नका, तो घरात सगळ्यांच्या हातात असतो. पापस्वीकार झाला की चिठ्ठी फाडा.

वडील मंडळी

आमच्याकडे प्रभुभोजनाआधी (भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीआधी) आत्मपरीक्षण करायला सांगतात, आधार पौलाच्या पत्रातलं १ करिंथ ११:२८: स्वतःची परीक्षा करून मगच ती भाकर खावी. हे वचन एकटं वाचलं की प्रत्येक जण आपल्या खाजगी पापांत शिरतो. त्याच अध्यायाचं एकविसावं वचन वाचा. करिंथच्या मंडळीत एक उपाशी राहत होता आणि दुसरा पिऊन तर्र होत होता. पौलाची तक्रार तीच आहे. म्हणजे प्रश्न मंडळीतल्या वागण्याचेही आहेत. प्रीतिभोजनात वाढतं कोण, शेवटी कोण जेवतं, उरलंसुरलं कोणाच्या ताटात जातं? जुनी घराणी पुढच्या बाकांवर आणि नुकतीच आलेली कुटुंबं दाराशी, असं आहे का? कोणाच्या शेजारी बसायचं आपण टाळतो?

हे गुरुवारी किंवा शुक्रवारी करा. मत्तय ५:२४ प्रमाणे आधी भावाशी समेट करायचा असेल तर त्याच्या घरी जायला दिवस हातात हवा. रविवारी बाकावर बसल्यावर आठवलं तर निदान उपासना संपल्याबरोबर आवारातच गाठा.

क्षमा मागताना तीन गोष्टी सांगायच्या: मी काय केलं, त्याने तुमचं काय नुकसान झालं, मी काय भरून देतो. मग गप्प बसायचं. "तुम्हाला वाईट वाटलं असेल तर" असं म्हटलं की दोष समोरच्याच्या वाटण्यावर जातो. "पण" आला की क्षमायाचना संपली. आणि समोरच्याला ठाऊकच नसलेले मनातले विचार त्याच्यापुढे मांडू नयेत. "मला तुमचा फार मत्सर वाटायचा" हे ऐकून त्याच्या डोक्याला नवा भार होतो. ते देवाजवळ किंवा पाळकांजवळ बोलावं.

समुपदेशक

एक गोष्ट कळकळीने लिहावीशी वाटते. काही जणांसाठी वरच्या सगळ्या सूचना घातक ठरतात. क्षमा मागून झालेल्या पापाबद्दल "नीट सांगितलं का?" ही शंका पुन्हा पुन्हा येणं, प्रार्थनेतला एक शब्द चुकला म्हणून पहिल्यापासून सुरू करणं, दोन-तीन फादरांना किंवा पाळकांना तोच प्रश्न विचारणं, परीक्षण तासतासभर चालणं, ही लक्षणं आहेत. इग्नेशियसला स्वतःला १५२२ च्या सुमारास मान्रेसा इथे हाच त्रास इतका झाला की जीव द्यायचे विचार आले. शेवटी मागची पापं पुन्हा कबूल करायचीच नाहीत असं त्याने ठरवलं आणि तो सावरला.

अशा माणसाने दहा मिनिटांवर जायचं नाही. एकच मार्गदर्शक धरायचा आणि त्याचा शब्द मानायचा. "पाप होतं की नव्हतं" अशी शंका असेल तर ते धरायचं नाही. हात धुणं, कुलूप तपासणं असे प्रकारही सोबत असतील तर मनोविकारतज्ज्ञांकडे जा. हा ओसीडी (मंत्रचळ) असू शकतो, त्यावर उपचार आहेत आणि त्याने विश्वास कमी होत नाही. १ योहान ३:२० जवळ ठेवा: आपलं मन आपल्याला दोषी ठरवतं तेव्हा देव आपल्या मनापेक्षा थोर आहे.

ओळखायची खूण म्हणजे पवित्र आत्मा बोट ठेवतो ते एका ठराविक गोष्टीवर, आणि पुढची वाटही दाखवतो. "तू आहेसच वाईट" या आवाजात ना गोष्ट असते, ना वाट.

घरची प्रार्थना

लहान मुलांना सगळ्यांसमोर "आज काय चूक केली सांग" म्हणू नये. मूल आईबापांना खूश करणारी चूक शोधून सांगायला शिकतं. दोनच प्रश्न पुरे: आज तुला कोणी मदत केली? उद्या कोणाशी गोड बोलायचंय? मोठ्यांनी मात्र मुलांसमोर मुलांची क्षमा मागावी, नेमक्या गोष्टीसाठी.

चौघींचा गट

स्वतःला न दिसणारे दोष असतातच, स्तोत्र १९ मध्ये त्यांना गुप्त म्हटलंय. त्यासाठी दुसरा माणूस लागतो. मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्लीने १७३८ मध्ये छोट्या गटांसाठी आठवड्याचे प्रश्न ठरवले होते: मागच्या भेटीपासून कोणतं पाप घडलं, कोणता मोह आला, त्यातून सुटका कशी झाली, आणि पाप आहे की नाही अशी शंका वाटावी असं काय घडलं. दुसरा आणि तिसरा प्रश्न लोक वगळतात, तेच सगळ्यात उपयोगी. गट चार-पाच जणांचा, सगळ्या बायका किंवा सगळे पुरुष, तासाभरात संपवा. ऐकणाऱ्याने लगेच सल्ला द्यायचा नाही. प्रार्थनेच्या नावाखाली हे दुसऱ्या गटात पोचलं तर गट तिथेच मोडतो, म्हणून "प्रार्थना विनंती" करून व्हॉट्सॲपवर टाकायलाही मनाई असावी.

धागाकर्ती

खूप काही मिळालं, देव तुम्हाला आशीर्वाद देवो. एक विचारायचं राहिलं: ठिपक्यांची वही जपून ठेवायची का?

रेघोट्या

महिना संपेपर्यंत. नवा दोष निवडताना मागची पानं एकदा पाहायची, कोणत्या वारी आणि कोणत्या वेळी ठिपके दाटलेत तेवढं टिपून घ्यायचं आणि वही फाडून टाकायची. बहुतेकांचे ठिपके संध्याकाळी सहा ते आठ दाटलेले दिसतात, भूक आणि दमणूक असते तेव्हा. त्या वेळेआधी चहा आणि दोन बिस्किटं घ्या.