मदत हवी आहे: लगेच लाल होणाऱ्या त्वचेला टोनर पॅड कसे वापरता?

मैत्रिणींनो, मी बडोद्यात दांडिया बाजारला राहते. माझी त्वचा मिश्र आहे: कपाळ, नाक, हनुवटी दुपारपर्यंत तेलकट, गाल मात्र कोरडे आणि जरा काही लावलं की लाल. हनुवटीवर पुटकुळ्या येतात, त्या बसल्या तरी काळपट डाग राहतात. स्कूटीवर ओढणी बांधून फिरलं की घामाने तिथेच जास्त चिडचिड होते.

बहिणीने सेंटेलाचे (त्वचा शांत करणारी वनस्पती, आपली मंडूकपर्णी) कोरियन टोनर पॅड दिलेत, म्हणजे टोनरच्या पाण्यात भिजवलेले छोटे पॅड. एक बाजू खरखरीत, दुसरी मऊ. खरखरीत बाजू पुटकुळ्यांवर घासूच नये असं माझं ठाम मत आहे. मऊ बाजू गालावर थोडा वेळ ठेवली की गार वाटतं, लालीही उतरते. पण पॅड वाळेपर्यंत राहिला तर त्वचा उलट ओढते. तुम्ही किती वेळ ठेवता? रोज की एक दिवसाआड?

कपाळ-नाकाला सॅलिसिलिक अ‍ॅसिडचे (तेलकट रंध्रं साफ करणारे) पॅड आणि गालांना हे, असं वेगवेगळं कोणी करतं का? आणि आपल्याकडच्या उकाड्यात वरून चिकट न होणारं सनस्क्रीन कोणतं? अलकापुरीकडचे चांगले त्वचारोगतज्ज्ञ माहीत असतील तर तेही नक्की कळवा.