सायलीची फी : सोसायटीच्या ग्रुपवर

सुनंदा, बी-३०४: नमस्कार मंडळी. आमच्या सायलीला कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, इंजिनिअरिंग मिळालं, ईडब्ल्यूएसमधून (आर्थिक दुर्बल घटक). पण कॉलेज म्हणतंय, पूर्ण ट्यूशन फी सोमवारपर्यंत भरा. ह्यांचा पगार वर्षाला साडेपाच लाख. मुलींना फी माफ झाली ना? रात्रभर झोप नाही.

महेश, ए-१०२: वहिनी, ईडब्ल्यूएस फक्त जागेपुरतं असतं. फी भरावीच लागते. पतपेढीतून कर्ज काढा, मी जामीन राहतो.

काका, सी-२०१: महेश, थांब. कर्ज बिर्ज काही नको. मी बावीस वर्षं कॉलेजात शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळलं. ८ जुलै २०२४ चा जीआर, म्हणजे शासन निर्णय आहे. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास), ओबीसी मुलींना कॅपमधून मिळालेल्या व्यावसायिक प्रवेशाला ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. आधी निम्मीच माफ व्हायची. मॅनेजमेंट कोट्याला मात्र हे लागू नाही.

सुनंदा, बी-३०४: काका, खरंच? मग ते का मागतात?

काका, सी-२०१: सरकारकडून पैसे उशिरा येतात, म्हणून. जीआरची प्रिंट घ्या, प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहा आणि आवक-जावकचा शिक्का मारलेली प्रत जवळ ठेवा. तोंडी बोलून काही होत नाही. वसतिगृह, मेस यात बसत नाही, ते पैसे भरावे लागतील. वसतिगृहासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्त्याची वेगळी योजना आहे, तीही बघू.

वैशाली, बी-१०१: आमच्या रोहितचा शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, सरकारच्या त्या वेबसाइटवर, मंजूर झाला, पण पैसे दिसेचनात. सहा महिने बँकेत चकरा मारल्या. मग कळलं, आधारला जोडलेलं खातं दहावीत असताना गावी उघडलेलं! पासबुक आजीच्या ट्रंकेत, पैसे तिथे जाऊन पडलेले.

काका, सी-२०१: हे नेहमीचंच. पैसे फॉर्ममधल्या खात्यात नाही, आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. सुनंदाताई, महाडीबीटीवर अर्ज भरण्याआधी बँकेत जाऊन सायलीचं आधार सीडिंग, म्हणजे आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते, तपासा. आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला? पगाराची स्लिप चालणार नाही.

सुनंदा, बी-३०४: गेल्या वर्षीचा आहे.

काका, सी-२०१: नवा काढा. आणि पुढच्या वर्षी अर्जाचं नूतनीकरण करायचं. पहिल्या वर्षी माफी मिळाली म्हणजे झालं, असं समजून कितीतरी पोरी दुसऱ्या वर्षी अर्जच करत नाहीत. माझ्या टेबलासमोर रडलेल्या पाहिल्यात मी, म्हणून जीव तुटतो.

महेश, ए-१०२: वहिनी, उद्या नऊला बाईक काढतो, साहेबांना उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात घेऊन जातो. रेशनकार्ड, आधार, पगाराचा दाखला तयार ठेवा.

काका, सी-२०१: आणि सायलीला पाचला माझ्याकडे पाठवा, अर्ज मी लिहून देतो. कॅपचं अलॉटमेंट लेटर आणायला सांगा.