मशीनवर विश्वास नाही म्हणणाऱ्या काकांबरोबर चवथीला एका पंगतीत बसायचं कसं?

डिचोलीवाला

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथलं वाचतोय पण लिहितोय पहिल्यांदाच. विषय निवडणुकीचा आहे, पण हात जोडून सांगतो, हा पक्ष तो पक्ष असं भांडण नको, माझा प्रश्न घरचा आहे.

आमचं मूळ घर डिचोली तालुक्यात. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, बाबा आणि दोन्ही काका आपापली बिऱ्हाडं घेऊन तिथं जमतात, माझा जन्म व्हायच्या आधीपासून असंच चाललंय. माटोळी, म्हणजे गणपतीवरची रानफळांची मंडपी, बांधायची ती धाकट्या काकांनीच, आदल्या दिवशी रानात जाऊन कवंडळ, कांगलां, सुपारीची शिपटी सगळं तेच आणणार, दुसऱ्या कोणी बांधलेली त्यांना पटतच नाही. तर २०२५ च्या चवथीला, म्हणजे ऑगस्टात, टीव्हीवर मतदारयाद्यांवरून रान पेटलेलं होतं आणि जेवताना विषय निघाला. काका म्हणाले तुमचं सरकार मतांचं नाही, मशीनचं आहे. बाबा म्हणाले हरलात की मशीन वाईट आणि जिंकलात की जनता शहाणी, असं कसं चालेल. मग आवाज चढत गेले आणि काका बोलून गेले की मी चोरांच्या पंगतीत बसत नाही, आणि पानावरून उठले. पानावर अर्धी मोडलेली नेवरी आणि भात तसाच होता. आईने ते पान कितीतरी वेळ उचललंच नाही, बाकी सगळ्यांची उचलली पण ते नाही. देव पोचवायलाही काका आले नाहीत, आणि तेव्हापासून दोघं भाऊ बोलत नाहीत.

बाबांना राग मशीनचा नाही, 'चोर' या शब्दाचा आहे. तीस वर्षं सकाळी सातच्या रांगेत उभा राहणारा माणूस तो. आणि काका खोटं बोलतात असंही मला वाटत नाही, त्यांना मनापासून वाटतं की आपलं मत कुठंतरी मधल्यामधे गेलं. मी स्वतः दोघांच्याही पक्षांना वेगवेगळ्या वेळी मत दिलंय.

तर विचारायचं हे की साध्या मतदाराने विश्वास ठेवायचा म्हणजे नक्की कशावर ठेवायचा, मला दिसतं ते फक्त बोटावरची शाई आणि तो बीप आवाज. आणि समोरच्याला आपलं मतच खोटं वाटत असेल तर त्याच्याबरोबर राहायचं कसं? २०२७ ची विधानसभा जवळ येतेय, चवथ त्याच्याही आधी.

निवृत्त मास्तर

तुमचं वाचून वाईट वाटलं. मी शिक्षक होतो, त्यामुळे इलेक्शन ड्युटी चुकली नाही, तीनदा प्रिसायडिंग ऑफिसर, म्हणजे मतदान केंद्राचा प्रमुख म्हणून बसलोय. जे हातांनी केलंय तेवढंच सांगतो.

मतदान सातला सुरू होत असेल तर दीड तास आधी, म्हणजे साडेपाचला मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान असतं. अजून काळोख, प्राथमिक शाळेचा वर्ग, भिंतीवर पोरांनी रंगवलेले मासे आणि होड्या, आणि आम्ही चारपाच जण ट्यूबलाईटखाली. उमेदवारांच्या एजंटांसमोर किमान ५० मतं टाकायची, कोणाला किती दाबली ते कागदावर लिहीत जायचं, मग मशीनवर रिझल्ट काढायचा, व्हीव्हीपॅटच्या (कोणाला मत गेलं ते छापणाऱ्या यंत्राच्या) चिठ्ठ्या मोजायच्या आणि तिन्ही जुळतात ते दाखवायचं. मग क्लिअर करून शून्य दाखवायचं, चिठ्ठ्यांवर मागे मॉक पोलचा शिक्का मारून काळ्या पाकिटात सील करायच्या, कंट्रोल युनिटला, म्हणजे मतं साठवणाऱ्या भागाला, हिरवा कागदी सील, त्यावर एजंटांच्या सह्या. हे सगळं होताना समोर एजंट पाहिजे. नसेल तर पंधरा मिनिटं वाट बघायची आणि सुरू करायचं. माझ्या तीन ड्युट्यांपैकी एका ठिकाणी त्या वेळेला एकच एजंट होता, बाकीचे साडेसात-आठला आले आणि त्यातला एक संध्याकाळी बाहेर जाऊन सांगत होता की आम्हाला काही दाखवलंच नाही. त्याला मी काय सांगणार.

दुसरं म्हणजे फॉर्म १७ सी. मतदान संपल्यावर मशीनमधे एकूण किती मतं पडली ते त्या फॉर्मवर लिहितात आणि हजर असलेल्या प्रत्येक एजंटला त्याची सही केलेली कॉपी द्यायची असते, नियमच आहे तो. मतमोजणीच्या दिवशी त्याच मशीनवर तोच आकडा यायला पाहिजे. तुम्ही विचारता विश्वास कशावर ठेवायचा, माझं उत्तर हा कागद. पण संध्याकाळ झाली की एजंटांना घरी जायची घाई, मी हाका मारून बोलावलेत लोकांना.

सगळं ठीकच आहे असं मात्र मी म्हणणार नाही. व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या विधानसभेच्या एका मतदारसंघात फक्त पाच केंद्रांच्या मोजतात, सुप्रीम कोर्टाने २०१९ मधे तसं ठरवलं. सगळ्या मोजा ही मागणी एप्रिल २०२४ मधे कोर्टाने फेटाळली, पण दुसऱ्या-तिसऱ्या नंबरच्या उमेदवाराने निकालानंतर सात दिवसांत लेखी मागितलं तर पाच टक्के मशीनच्या चिपची तपासणी करून मिळते, खर्च त्याने भरायचा आणि गडबड सापडली तर परत. आणि मला स्वतःला न पटणारा एक नियम आहे, चिठ्ठीवर चुकीचं चिन्ह आलं असं मतदाराने सांगितलं तर त्याच्याकडून आधी लिहून घेतात की तक्रार खोटी निघाली तर कारवाई होईल. साधा माणूस तेवढ्यानेच घाबरून गप्प बसतो. तो बदलायला हवा.

काकांना सांगा, बूथवर बसा. रागाने नाही, खरंच बसा.

फोंड्याची बाय

मास्तर तुमचं सगळं मान्य, पण माझा विश्वास मशीनमुळे गेलेला नाही हो. १९९९ ला अख्ख्या गोव्यात मशीनवर विधानसभा झाली तेव्हा मी होते रांगेत, २०१७ ला चाळीसच्या चाळीस मतदारसंघांत व्हीव्हीपॅट आलं तेव्हाही होते, काचेमागची ती चिठ्ठी सात सेकंद दिसली आणि मला बरं वाटलं की चला माझं चिन्ह आलं. मग निकाल लागला, काँग्रेस १७, भाजप १३, आणि सरकार मात्र भाजपचं आलं. २०१९ च्या जुलैत काँग्रेसचे दहा आमदार भाजपमधे गेले. २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीला, बांबोळीच्या खुरसाकडे (क्रॉसकडे) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन शपथ दिली की पक्ष सोडणार नाही, आणि त्याच सप्टेंबरात निवडून आलेल्या अकरातले आठ गेले. देवासमोर घेतलेली शपथ!! माझी सासू त्या दिवशी बातम्या बघताना उठून देवघराचं दार ओढून आली, इतकं लागलं तिला.

तर तुमच्या काकांचं पण असंच असेल का बघा. माणसाला फसवणूक झाल्याचं कळतं पण नक्की कुठे झाली ते सांगता येत नाही, मग तो मशीनकडे बोट दाखवतो कारण ते समोर दिसतं. सीएसडीएस-लोकनीतीच्या सर्वेक्षणांत निवडणूक आयोगावर खूप विश्वास आहे म्हणणारे २०१९ ला ५१ टक्के होते आणि २०२४ ला २८ वर आले. ही सगळी माणसं वेडी नाहीत ना? त्यांना 'हरले म्हणून रडतात' म्हणून उडवून लावलं की ती अजून लांब जातात. बाबांनी ते एक वाक्य बोलायला नको होतं असं मला वाटतं, आणि काकांनी चोर म्हणायला नको होतं. चोर म्हणजे आमदार की भाऊ, एवढा तरी फरक ठेवायचा.

कागदावरच_मत

एवढं पुराण कशाला? मशीन काढा, मतपत्रिका आणा, विषय संपला. २०२२ च्या ऑगस्टात १८६ पंचायतींच्या निवडणुका कागदावरच झाल्या ना गोव्यात, आभाळ कोसळलं का? कागद म्हाताऱ्या माणसालाही कळतो, त्याला चिप आणि सॉफ्टवेअर समजावत बसावं लागत नाही. लोकांना कळेल अशी पद्धत पाहिजे, मुद्दा एवढाच आहे.

निवृत्त मास्तर

@कागदावरच_मत तुमचा शेवटचा मुद्दा मला मान्य आहे, पद्धत लोकांना कळली पाहिजे. पण कागदाने भांडण मिटतं असं नाही. आमच्या वॉर्डात पंचायतीला हाताच्या बोटांवर मोजता येईल एवढ्या मतांनी निकाल लागला, शिक्का दोन चौकोनांच्या रेषेवर पडलेल्या मतपत्रिका बाद करायच्या की धरायच्या यावर तासभर वाद, आणि हरलेल्या घरचे अजून जिंकलेल्यांच्या दुकानात जात नाहीत. गोव्यात मतदारसंघच एवढे छोटे की २०२२ ला सांत आंद्रेत ७६ मतांनी आमदार ठरला. ७६ मतं म्हणजे एक वाडा. हरलेल्या माणसाला प्रत्येक चेहरा आठवतो, मशीन असो वा कागद.

यादी_तपासा

मशीनवर एवढे बोलताय, यादी कोण बघणार? ४ नोव्हेंबर २०२५ पासून गोव्यात एसआयआर, म्हणजे मतदारयादीची विशेष फेरतपासणी झाली, बीएलओ (यादीचं काम बघणारे बूथ पातळीवरचे कर्मचारी) घरोघर फॉर्म घेऊन आले, २००२ च्या यादीत नाव शोधा म्हणाले. आमच्या शेजारची म्हातारी लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यातून आलेली, २००२ ला तिचं नाव माहेरच्या आडनावाने की सासरच्या हेच तिला आठवेना. आणि आपल्याकडे पोर्तुगालला जन्मनोंद करून परदेशी गेलेल्यांचा प्रश्न वेगळाच, घरात नाव आहे, माणूस लंडनला. कोणी खोटेपणा केला असं नाही, वर्षानुवर्षं कोणी बघितलंच नाही. पंगतीत भांडण्यापेक्षा बाबा आणि काका दोघांनी मिळून आपल्या वाड्याची यादी वाचा, कोण मयत, कोण लग्न होऊन गेलं, कोणाचं नाव राहिलं. त्या दोघांना जेवढं माहीत असेल तेवढं बीएलओला पण नसणार.

जुना पेडणेकर

मी वयाने मोठा आहे, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

१६ जानेवारी १९६७. मी बारा वर्षांचा. गोवा महाराष्ट्रात जायचा की वेगळा राहायचा याचं मतदान, विलीनीकरणाचं चिन्ह फूल, केंद्रशासित राहायचं तर दोन पानं. आमचं घर फुलाचं. वडील विलीनीकरणवाल्या मगोचे (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे), मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांचा फोटो देवघराच्या बाहेरच्या भिंतीवर. पेडण्यात तर फुलाशिवाय दुसरं ऐकू येत नव्हतं, आम्हाला वाटायचं जिंकल्यातच जमा आहोत. आणि ३४,०२१ मतांनी हरलो. दोन पानांना १,७२,१९१, फुलाला १,३८,१७०. हे आकडे वडिलांनी घराच्या हिशेबाच्या वहीत लिहिले होते, शेवटपर्यंत.

आता लोक विसरतात ती गोष्ट सांगतो. त्या मतदानाच्या आधी, डिसेंबर ६६ मधे, भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने राजीनामा दिला. का, तर समोरच्यांचं म्हणणं होतं की विलीनीकरणवाल्यांचंच सरकार खुर्चीत असताना मतदान निःपक्षपाती होणार नाही. आमच्या घरात तेव्हा संताप, आपण कशाला सोडायची खुर्ची? पण सोडली. हरल्यावर वडील दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत, पण मोजणीत लबाडी झाली असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. गोव्याबाहेरच्या गोंयकारांना मत देऊ दिलं नाही म्हणून दोन पानांवाल्यांचीही तक्रार होती, तरी मतदान झालंच. आणि मार्चमधे विधानसभा झाली तेव्हा याच लोकांनी मगोला पुन्हा निवडून दिलं, भाऊसाहेब परत मुख्यमंत्री, दोन पानांवाल्यांचे पुढारी जॅक सिक्वेरा समोर विरोधी बाकावर. दोन महिन्यांपूर्वी आम्हाला हरवणारे लोक आमचं सरकार मानत होते.

आमच्या वाड्यावर दोन पानांचं एकच घर होतं. निकालानंतर पोरांनी त्यांच्या अंगणात दगड टाकले, मी पण होतो त्यात. वडिलांना कळलं तेव्हा मला हाताला धरून तिथं नेलं आणि ते दगड एकेक करून उचलायला लावले, घरमालक व्हरांड्यात उभा राहून बघत होता. मला आज सत्तरी ओलांडल्यावर पण ते अंगण दिसतं. पुढे ८६-८७ ला राजभाषेवरून गोव्यात माणसं मेली, तेव्हा मला सारखे वडील आठवायचे.

डिचोलीवाल्या बाळा, तुझ्या बाबांनी पहिलं जावं काकांकडे. सरकार त्यांच्या पक्षाचं आहे ना, मग पहिलं पाऊल त्यांचं.

डिचोलीवाला

आजोबा, तुमचं रात्री दोनदा वाचलं आणि सकाळी बाबांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले. पण दुपारी आईला विचारलं की धाकट्याचा गुडघा कसा आहे, आईने मला डोळ्यांनीच खुणावलं.

मी काल काकांना फोन केला होता, यादीचं बोललो. त्यांनी लगेच चार नावं सांगितली, दोन मयत, एक बेंगलोरला, एक मुलगी अठराची झाली तिचं घालायचं राहिलंय. पाचवं नाव बाबांना माहीत असेल म्हणाले, "त्याला विचार". वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी बाबांचा उल्लेख केला. फोंड्याच्या बायनी लिहिलेलं पण सांगितलं, त्यावर म्हणाले मी आमदाराला म्हणालो होतो, भावाला नाही. हे मी बाबांना अजून सांगितलेलं नाही, काकांनीच सांगावं असं वाटतं.

मास्तर, काका एजंट म्हणून बसायला तयार आहेत, आणि बाबांच्या पक्षाचा एजंट म्हणून त्याच बूथवर मीच बसेन असं माझ्या मनात आहे. एक विचारायचं राहिलं, ती १७ सी ची कॉपी मोबाईलवर फोटो काढून घेतली तर चालते का?

निवृत्त मास्तर

फोटो नाही. मोबाईल मतदान केंद्राच्या आत नेताच येत नाही. कागदच घ्यायचा, पोचपावतीवर सही करून, तुम्ही वेगळा आणि काकांनी वेगळा. कंट्रोल युनिटचा नंबर लिहिलाय का आणि प्रिसायडिंग ऑफिसरची सही आहे का ते तिथंच बघा. कार्बन लावून काढली असेल तर खालची कॉपी पुसट येते, आकडे वाचता येत नसतील तर दुसरी मागा, न देता कोणी उठणार नाही. आणि साडेपाच म्हणजे साडेपाच, काकांना पाचला उठवा.