मदत हवी आहे: कंट्रोल लाइन स्टंट विमान (मधे उभं राहून दोन तारांनी गोल फिरवत कसरती करायचं मॉडेल) फक्त आउटसाइड कॉर्नरला, म्हणजे नाक पोटाच्या बाजूला वळवणाऱ्या कोपऱ्याला, तारा ढिल्या सोडतं

विमान फ्लॅपवालं (पंखाच्या मागच्या कडेला हलणाऱ्या पट्ट्या), वजन १.५ किलो, ७.५ सीसी ग्लो इंजिन, ११ इंची प्रॉप (पुढचा पंखा). तारा १८.३ मीटर, वळलेल्या स्टीलच्या. फेरी ५.३ सेकंदांची, घड्याळाच्या उलट दिशेने. नाशिकची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर, त्यामुळे निडल (इंजिनला किती इंधन जायचं ते ठरवणारी सुई) इथेच बसवलेली. उडवतो सकाळी, वारा उठण्याआधी. म्हणजे वाऱ्याचा दोष नाही.

आडवं उड्डाण सरळ-उलटं दोन्हीकडे ठीक. आधी सरळ उडताना बाहेरचा (माझ्यापासून लांबचा) पंख वर आणि उलटं उडताना खाली राहायचा. आतला फ्लॅप दीड मिलिमीटर खाली वाकवल्यावर ते गेलं. उलट्या फेऱ्या जलद पडत होत्या, टाकी थोडी खाली घेतल्यावर वेळ जुळली. इनसाइड (नाक पाठीच्या बाजूला वळवून केलेले) लूप, इनसाइड चौकोन उत्तम. पण आउटसाइड चौकोनात डाउन (नाक पोटाच्या बाजूला वळवायचा इशारा) दिला की कोपऱ्यावर तारांचा ताण जातो, पुढच्या सरळ भागात परत येतो.

बाहेरच्या पंखाच्या टोकातलं वजन ५ ग्रॅमने वाढवलं, तर इनसाइड कोपऱ्यात बाहेरचा पंख डोलायला लागला, काढून टाकलं. लीडआउट (आतल्या पंखाच्या टोकातून तारा बाहेर येतात ती जागा) ६ मिमी मागे नेले, फरक नगण्य. बिजागऱ्यांच्या फटी दोन्ही बाजूंनी टेपने बंद आहेत.

संशय दोन. डाउन देताना प्रॉपच्या जायरोस्कोपिक परिणामाने (फिरती वस्तू एका दिशेला कलवली की ती आडवी वळते) नाक आत वळत असेल (तसं असेल तर एलेव्हेटरबरोबर (शेपटीची आडवी हलती पट्टी) हलणारा राबे रडर (शेपटीची उभी पट्टी) लावावा लागेल, आणि ती खटपट उगाच नको), किंवा वाकवलेला फ्लॅप कोपऱ्यात जास्त काम करून विमान आत लोळवत असेल. वर्तुळाच्या मधून दोन्ही सारखंच दिसतं.

नाक वळतंय की पंख लोळतोय हे ओळखायला बाहेर उभ्या माणसाने नेमकं काय बघावं? आणि १० इंची प्रॉप लावून फरक पडला, तर तो पुरावा धरावा का?