शून्य कुठे धरायचं?
वर कुणीतरी विचारलंय की खूप उंचावरचा वारा मोजणारं यंत्र सरळ डोक्यावर रोखलं की उभा (म्हणजे वर-खाली वाहणारा) वारा मिळालाच, मग अडचण कसली? अडचण शून्याची आहे हो, म्हणजे वारा अजिबात नसताना यंत्र काय दाखवेल, याची.

रात्री साधारण 250 किमी उंचीवर ऑक्सिजनचे अणू 630 नॅनोमीटरचा लाल उजेड सोडतात, नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही इतका मंद. फॅब्री-पेरो यंत्र (दोन समांतर आरशांमधून उजेड नेणारं) त्याची कंकणं, म्हणजे उजेडाची वर्तुळं, कॅमेऱ्यावर उमटवतं. वारा असेल तर उजेडाची तरंगलांबी बदलून ती कंकणं किंचित आकसतात किंवा फुगतात. आता हिशेब बघा: सेकंदाला 10 मीटर वाऱ्याने तरंगलांबी बदलते जेमतेम 0.00002 नॅनोमीटर! खोलीचं तापमान जरा हललं तरी यंत्र त्याहून जास्त सरकतं. ते सरकणं हीलियम-निऑन लेझरने पकडता येतं, पण शून्य ठरवायला लागणारा स्थिर ऑक्सिजनचा हाच लाल उजेड प्रयोगशाळेत सहज मिळत नाही. म्हणून बरेच जण रात्रभराच्या उभ्या वाऱ्याची सरासरी शून्य धरतात. म्हणजे जे मोजायचं, तेच आधी गृहीत! (आडव्या वाऱ्याला हे चालून जातं, तो बऱ्याचदा सेकंदाला शंभर मीटरच्या घरात असतो.)

शिवाय पातळ ढग असला तर आकाशाच्या इतर भागांतला उजेड विखरून आत शिरतो आणि आडवा वाराच उभा भासतो. त्यामुळे ढगाळ रात्रीचे 'जोरदार उभे वारे' मी तरी आधी बाजूला काढतो.